व्हर्टस जीटी १.५ ला एक्झॉस्ट टाकायचाय, घर समुद्राला लागून, काय घेऊ?

भाट्येकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी व्हर्टस जीटी १.५ डीएसजी, २०२२ ची, २८ हजार किमी झालेत. गाडीवर खूश आहे, फक्त आवाज म्हणजे शिलाई मशीन. यंदा बागेचा व्यवहार बरा झाला, हातात चार पैसे आहेत, बायको आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबात आहे तोवर उरकून टाकावं म्हणतोय. बजेट साठ हजार, थोडं पुढेमागे.

वापर सांगतो. रोज घर ते रत्नागिरी बाजार, भाट्याचा पूल ओलांडला की झालं, तीनचार किलोमीटर, दुपारी जेवायला परत, पुन्हा दुकान. रविवारी सकाळी साखरप्यावरून आंबा घाट, मलकापूरला चहा आणि परत. घरापासून समुद्र दोनशे पावलांवर, गाडी माडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये.

दोन पर्याय समोर आहेत. एक तयार कॅटबॅक (कॅट म्हणजे धूर साफ करणारा डबा, त्याच्या मागचा सगळा एक्झॉस्ट), व्हॉल्ववाला, बटन दाबलं की मोठा बटन दाबलं की बारीक. विकणारा म्हणतो ३०४ स्टील. दुसरं म्हणजे फॅब्रिकेटरकडून करून घेणं. शिवाय आमचा चुलतभाऊ ठाण्याला असतो तो म्हणतो हे सगळं पोरखेळ आहे, डाउनपाइप (टर्बोनंतरचा पहिला पाइप) टाक, कॅट काढ, रीमॅप मार (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदल), मग बोल.

मला एवढंच पाहिजे की घाटात ऐकू यावा, बाजारात येऊ नये, आणि आई मागे बसली तर तिनं चिपळूणपर्यंत तेच तेच बोलू नये. पूर्ण कॅटबॅक करू की नुसता मागचा बॉक्स, म्हणजे शेवटचा सायलेन्सर? पाइप सव्वादोन इंची की अडीच? आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यात टिकणार किती?

उद्यमनगर_०९

भावा पयलं एक सांग, आवाज पायजे का पॉवर? कारण टर्बो गाडीला नुसत्या कॅटबॅकनं जे मिळतंय ते चटणीएवढं. टर्बो स्वतःच निम्मा सायलेन्सर असतोय, बाहेर पडणाऱ्या गॅसची ताकद त्याच्या चाकानं आधीच खाल्लेली असती. म्हणून तर टर्बो गाड्या अशा घसा बसल्यागत बोलत्यात. आणि कोणी हेडर (इंजिनाला लागूनचे धुराचे पाइप) विकायला आला तर हाकलून दे, ह्या इंजिनाला हेडर म्हणून वेगळं काय नसतंयच, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या आतच ओतलेला हाय.

चुलतभावाला सांग, कॅट काढल्यावर मागचा ऑक्सिजन सेन्सर गप बसत न्हाई, पी०४२० चा कोड टाकतोय आणि डॅशवर पिवळा दिवा. मग तो दिवा घालवायला अजून एक जुगाड, त्या जुगाडाला अजून एक. वर सिग्नलला उभारलास की कच्च्या पेट्रोलचा वास गाडीत. आई बसणार म्हणतोस ना?

आता मेन विषय, जो तुला विकणारा सांगणार न्हाई. तुझं इंजिन चार सिलिंडरचं हाय, पण कायम चारवर चालत न्हाई. हलक्या पायानं चालवलं की मधले दोन, म्हणजे दोन आणि तीन नंबर, बंद पडत्यात. कंपनी त्याला एसीटी म्हणती. डॅशवर टू सिलिंडर मोड असं येतंय बघ. स्टॉक सायलेन्सर हे धरूनच बनवलेला असतोय. बाहेरचा टाकला की जी घुमी (गाडीत भरून राहणारा घूं घूं आवाज) चालू होती ती ह्या दोन सिलिंडरच्या वेळेला.

हिशोब सोपा हाय. चार सिलिंडर, फोर स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्यात दोन ठोके. २५०० आरपीएमला सेकंदाला ८३ ठोके. ही घुमी मारायला लोकं एका टोकाला बंद असलेला पाइप बाजूला जोडत्यात, जे-पाइप म्हणत्यात त्याला, लांबी त्या आवाजाच्या लाटेच्या पाव भाग. गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास धर, ४८० भागिले ८३ भागिले ४, म्हणजे साधारण दीड मीटर. एवढा पाइप वाकवून गाडीखाली बसतोय.

आता दोन सिलिंडरवर २००० आरपीएम धर, सातव्या गिअरला शंभरच्या आसपास तू तिथंच असणार. एका फेऱ्यात एकच ठोका, सेकंदाला ३३. त्याला पाइप लागतोय साडेतीन मीटरच्या वर. कुठं घालणार, टपावर?

म्हणून माझं मत, मधला सायलेन्सर कंपनीचाच ठेव, हात लावू नको. नुसता मागचा बॉक्स बदल. सव्वादोन इंची बास झालं, १५० घोड्यांच्या गाडीला अडीच इंच म्हणजे बारक्या पोराला बापाची चप्पल.

सावर्डेकर

युरोपातल्या पोलो जीटीआयसाठी मिलटेक, रेमस वगैरे कंपन्यांचे एक्झॉस्ट सेट मिळतात, ते मागवून बसतील का असं मीही मागे शोधलं होतं. सरळ बसत नाहीत. आपली व्हर्टस एमक्यूबी-ए०-आयएन या ढाच्यावर आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६५१ मिमी, तिकडची पोलो त्याहून आखूड, म्हणजे पाइप कापून जोडणं आलंच. मग एवढी ड्यूटी भरून बाहेरून मागवायचं कशाला.

टिगचाधूर

भाट्येकर, माझं वर्कशॉप मिरकरवाड्याच्या बाजूलाच आहे, बोटींची रेलिंगं, टाक्या, इंजिनाचे धुराचे पाइप हेच काम गेली अठरा वर्षं. गाडीचे एक्झॉस्ट वर्षाला पाचसात होतात, तेही पोरं मागे लागतात म्हणून. त्यामुळे आवाजाबद्दल वरच्या कोल्हापूरकर दादांचं (उद्यमनगर_०९) ऐक, धातूबद्दल माझं ऐक.

पहिली गोष्ट, आपल्याकडे सायलेन्सर बाहेरून कमी आणि आतून जास्त सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब गाडी मारलीस तर ती वाफ बाहेर जाते. पण तू तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करतोस, मागचा बॉक्स तापतच नाही, वाफ तिथेच थंड होऊन पाणी होऊन बसते, आणि हे दिवसातून चार वेळा. ते पाणी साधं नसतं, धुरातलं आम्ल उतरलेलं असतं. वर बाहेरून खारं वारं. म्हणजे दोन्हीकडून आरी लावल्यासारखं. म्हणून बॉक्सच्या सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक असावं, दोनतीन मिलीचं, पाणी गळायला. कंपनीच्या बऱ्याच सायलेन्सरांना असतं, करून देणारे विसरतात.

तुझा बॉक्स सरळ आरपार भोकाचा, आत ग्लासवूल भरलेला असेल तर त्या वूलला पाणी लागतं, ते बसत जातं, आणि दोन वर्षांनी तुला वाटतं गाडी जास्त जोरात बोलायला लागली. मजा वाटते पोरांना, पण ते सायलेन्सर मरत असल्याचं लक्षण आहे.

दुसरं, स्टीलचे नंबर. ४०९ म्हणजे कंपन्या वापरतात ते, क्रोमियम अकराएक टक्के, चुंबक चिकटतं, वरून तांबूस होतं पण आरपार भोक पडायला वेळ लागतो. ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ च्या आसपास, चुंबक धरत नाही. ३१६ मध्ये वरून दोनतीन टक्के मॉलिब्डेनम, ते मिठाला जास्त दाद देत नाही म्हणून बोटीवर तेच. पैसे असतील तर निदान मागची टीप (पाइपाचं बाहेर दिसणारं तोंड) ३१६ ची घे, कारण दिसतं तेच आणि सगळ्यात आधी तपकिरी ठिपके तिथेच येतात. पूर्ण पाइप ३१६ करायची गरज मला वाटत नाही.

पण खरी मेख वेल्डिंगमध्ये आहे. ३०४ चा पाइप आणला आणि वेल्डिंग कसंही केलं तर जोडाच्या शेजारी बोटभर पट्टा सगळ्यात आधी जातो, कारण तापल्यावर तिथलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंजाला अडवायला उरत नाही. म्हणून ३०४एल बघ, एल म्हणजे कार्बन कमी, आणि फिलर (जोडात वितळवायची सळी) ३०८एल. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतून पण आर्गॉन गॅस सोडायला लागतो, त्याला पर्जिंग म्हणतात. नाही सोडला तर आतल्या बाजूला जोडावर काळी खरखरीत साखर धरते, बाहेरून मात्र मासळीच्या खवल्यांसारखा सुंदर जोड दिसतो. फॅब्रिकेटरकडे गेलास की एखादा कापलेला तुकडा माग आणि आत बोट फिरव. खडबडीत लागलं तर नमस्कार करून निघ.

आणि फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्ट लावायची चकती), हँगरची म्हणजे पाइप टांगायची सळी, बोल्ट, हे कोणी विचारत नाही. पाइप ३०४ चा आणि फ्लँज साध्या लोखंडाची, हा प्रकार सर्रास. दोन पावसाळ्यांत फ्लँजचे पापुद्रे निघतात, नट गोल होतो, मग गॅसकटर.

घाई असेल तर एक सांगतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळ्या बोटी धक्क्याला, आम्हाला तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. तोंड बघून काम करायचं असेल तर आत्ताच ये नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर.

देवबागचो

व्हॉल्वाच्या भानगडीत पडा नको रे बाबा. माज्या गाडयेक होतो. पयले सा म्हयने मजा इली, बटन दाबला की मांजर, बटन दाबला की वाघ. मगे पावस लागलो, गाडी आठ दिस शेडीत. नवव्या दिसाक चालू केलंय तर वाघच. बटन दाबून दाबून आंगठो दुखलो पण तो काय बंद होयना. आणि त्याच दिसाक शेजारच्या वाडीत मयत झालेला, माका बाबांका घेवन थंय जावचा होता. सगळे वळान वळान बघतत, एक आजी म्हणता काय, रे झिला, डंपर घेवन इलंस?

खोलल्यार कळला, आतल्या झडपेचो दांडो मिठान आणि काजळेन गच्च धरलेलो. आता साधो बॉक्स हा, बटन नाय, कटकट नाय.

कोर्टातलीताई

कोणी काढला नाही म्हणून मी विषय काढते, कंटाळवाणा आहे पण वाचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत १८२अ आलं, त्याच्या पोटकलम ४ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला एकेका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाजासाठी वेगळं १९०(२): पहिल्या वेळेला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली घालतात ते फोटो पेपरात बघितलेच असतील.

"पीयूसी निघते ना मग झालं" हे माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा बोलतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही. त्या कागदाचा इथे काडीचा उपयोग नाही.

शाळा, हॉस्पिटल, कोर्ट यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. भाट्येकर, तुमच्या रोजच्या रस्त्यावर यातलं काय काय येतं ते एकदा मोजा. आणि इन्शुरन्स कंपनीला बदल कळवला नसेल तर मोठ्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, हे मी फायलीत वाचलंय, ऐकीव नाही.

टाकू नका असं सांगितलं तर ऐकणार नाही हे माहितीये, माझ्या भावानेही ऐकलं नव्हतं. निदान जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका.

उद्यमनगर_०९

ताई बरोबर बोलल्या. म्हणूनच बोल्टवर निघणारं काम करून घे, कापून वेल्ड मारलेलं नको. कंपनीचा पाइप जिथं कापतील तिथं दोन्ही बाजूला स्लीव्ह आणि क्लॅम्प, म्हणजे जुना बॉक्स तासाभरात परत चढतोय.

भाट्येकर

बाप रे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. देवबागच्या भावांचा डंपर वाचून बायको पण हसली, म्हणजे तिला आता कळलंय की मी काहीतरी करणार आहे. असो.

काल व्हॉल्ववाल्या सेटचा नमुना बघायला गेलो होतो. टिगचाधूर भाऊ, तुमचं वाचून पोरीचं फ्रिजवरचं चुंबक, आंब्याच्या आकाराचं आहे, खिशात घालून गेलो. पाइपला नाही चिकटलं. फ्लँजला टपकन चिकटलं, हँगरच्या सळीला पण. दुकानदार म्हणाला फ्लँज लोखंडाचीच असते सगळ्यांची. पण पाइप ३०४ आहे हे तर ठरलं ना?

टिगचाधूर

नाही ठरलं. इथेच सगळे फसतात. २०२ नावाचं स्टील असतं, निकेल महाग म्हणून ते कमी करून त्यात मँगेनीज घालतात. त्यालाही चुंबक धरत नाही, चकाकीही तीच. शहरात जिन्याच्या रेलिंगला चालतं, आपल्याकडे समुद्रावर पहिल्याच पावसाळ्यात चहा सांडल्यासारखे डाग. बंदरावर कोणी २०२ ची रेलिंग लावली तर आम्ही महिन्याभरात सांगतो.

ओळखायचं असेल तर भंगारवाल्याकडे जा, खरंच सांगतो. त्यांच्याकडे थेंबाची बाटली आणि छोटी बॅटरी असते, थेंब टाकून बॅटरी टेकवली की रंग बदलतो, त्यावरून ३०४ आहे की २०२ ते सांगतात. त्यांचा पैसाच त्यावर आहे म्हणून चुकत नाहीत. दुकानदाराला म्हण एक थेंब टाकू दे. दिला तर ठीक, नाही दिला तर उत्तर मिळालंच.

बोल्ट स्टेनलेसचे घेशील तर अँटीसीझ (बोल्ट धरू नये म्हणून लावायची पेस्ट) लाव, स्टेनलेसमध्ये स्टेनलेस आवळलं की जागीच धरतं, मग तो तुटतोच. आणि आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धू. बोअरचं मचूळ पाणी असेल तर ते नको, मिठानेच मीठ धुतल्यासारखं होईल.

सावर्डेकर

अजून एक, गाडीची उंची. कंपनीचा आकडा १७९ मिमी आहे पण तो रिकाम्या गाडीचा. चार माणसं आणि दोन पेट्या टाकल्या की काय उरतं बघा. आमच्या वाडीच्या रस्त्याला जांभ्याचे उंचवटे आहेत, माझ्या आधीच्या गाडीचा नवीन बॉक्स पहिल्याच आठवड्यात चेपला. बनवणाऱ्याला गाडी रॅम्पवर असताना नाही, चाकांवर उभी असताना, मागे माणसं बसवून माप घ्यायला लावा.

भाट्येकर

तीन आठवड्यांनी परत आलो, कोणाला उत्सुकता असेल तर.

दुकानदाराने थेंब टाकू दिला नाही. विषय संपला.

मग टिगचाधूर भाऊंकडेच करून घेतलं, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बंदी लागायच्या आधी कसंबसं. मधला सायलेन्सर कंपनीचा तसाच, मागचा बॉक्स ३०४एल, सव्वादोन इंची आरपार, फ्लँज आणि हँगर पण ३०४, टीप ३१६. खाली पाणी गळायचं भोक. मोजमाप घेताना मागच्या सीटवर त्यांची दोन पोरं आणि डिकीत आर्गॉनचा रिकामा सिलिंडर ठेवला होता. आतला जोड बोट घालून बघितला, गुळगुळीत. बजेटच्या बऱ्याच आत बसलं, उरलेल्या पैशांचं काय हे घरी ठरलेलं आहे.

आवाज. सकाळी चालू करताना पहिला अर्धा मिनिट मोठा आहे, ते मान्य करतो, कोंबड्या उठतात. मग बसतो. बाजारात शेजारच्या रिक्षाएवढाही नाही. आंबा घाटात दुसऱ्या गिअरला वळणातून बाहेर पडताना डोंगराकडची काच खाली केली की जो काय येतो ना, त्यासाठी केलं सगळं. पिकअपमध्ये मला काडीचा फरक जाणवला नाही, आधीच सांगून टाकतो.

कोल्हापूरकर दादांचा ३३ ठोक्यांचा हिशोब बरोबर निघाला. दोन सिलिंडरवर गेली की अगदी बारीक घूं येते, मधला बॉक्स ठेवूनही. आई मागे बसली होती, संगमेश्वरच्या पुढे म्हणाली, मागे पंखा चालू राहिलाय का रे कुठला? पायाने जरा दाबलं, चारही सिलिंडर आले, पंखा बंद. आता तिला वाटतं मी पंखा बंद केला.

टीपवर अजून डाग नाही. जुना बॉक्स माळ्यावर नारळांच्या पोत्याशेजारी ठेवलाय, ताईंनी सांगितल्याप्रमाणे.

टिगचाधूर

त्याची दोन्ही तोंडं फडक्याने बांधून ठेव. आमच्याकडे एकाने असाच ठेवला होता, परत बसवायला आणला तर कुंभारमाशीने आत मातीची चार घरं बांधलेली.

भाट्येकर

आत्ताच वर जाऊन बघून आलो. एक फेरी मारून गेलेली दिसते, कडेला ओली माती आहे. बांधलं.